शेवटाच्या पाच मिनिटं आधी

पुरवणीचं पान तपासून मी साडेचारला सुटते.
आज लडाख होतं. मागच्या आठवड्यात बाली.
सतरा वर्षं लोकांचे प्रवास दुरुस्त करतेय,
'निसर्गा'चा रफार उचलून जागेवर ठेवते,
एका परिच्छेदात तीनदा उजाडलेली पहाट
दोनदा खोडते.
मी स्वतः, खरं सांगायचं तर,
भंडाऱ्यापर्यंत. एकदा. लग्नाला.

झिरो माइलपाशी रोज बस वळते.
म्हणतात, इथून साऱ्या देशाची अंतरं मोजली.
मला त्या दगडाची कीव येते,
सगळी गावं किती दूर हे तोंडपाठ
आणि जागचं हलायचं नाही.
(हे वाक्य कुणी लेखात लिहिलं असतं
तर मी खोडलं असतं.)

मे महिना. कूलरची टाकी भरली, वाळा भिजवला.
दमडूजी पराते जेवायला यायचेत.
गोळाभात त्यांनीच मागितला:
"बाकी काही नको करू बाई,
वरून तेल मातर हात राखून टाकू नको."

भरडा जाडसर हवा, चक्कीवाल्याला दोनदा सांगावं लागतं.
हळद, तिखट, मीठ, हिंग, कडकडीत मोहन,
पाणी हाताला कळेल इतकंच.
भाताचं पाणी आटत आलं
की मुठीत वळलेले गोळे वर ठेवायचे
आणि झाकण काढून बघायचं नाही.
माझी आई इथेच हरायची. काढायचीच.

दमडूजी छत्तीस वर्षं बर्डीवरच्या टॉकीजला गेटकीपर.
आता तिथे पार्किंग आहे.
स्कूटर लावून आले की सांगतात,
"आज बाल्कनीखाली जागा भेटली."

गोळा फोडला, भातात खड्डा केला,
फोडणीचं तेल ओतलं, लाल मिरची चुरली,
आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले,
"तुले सांगू? म्या एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही.
पाच मिनिटं आधी गेट उघडा लागे,
बाहेर जाऊन उभं राहा लागे.
सुरुवात मातर सारी पाहिली,
पण तेही टॉर्च लोकायच्या पायाशी धरून,
खुर्चीचा नंबर पाहत पाहत."
मग शेवट कळायचा कसा?
"तोंडावरून. डोळे पुसत निघाले तं कोणी मेलं.
गाडीची चाबी शोधत निघाले तं लगन झालं."

मला लडाखवाल्या बाई आठवल्या.
मानधनाची सही करायला आल्या होत्या,
नाकाची सालपटं निघालेली.
पंख्याखाली बसून म्हणाल्या,
तिथे काही झालं नाही हो,
घरी येऊन साधं वरण-भात खाल्लं
आणि रडूच कोसळलं.
लेखात हे नव्हतं.
मी म्हटलं नाही की लिहा.
माझं काम रफाराचं.

"एक होता," दमडूजी म्हणाले, "अकरा हप्ते चालला.
ते बहीण स्टेशनावर पत्र घेऊन उभी राहते.
तिचा भाऊ आला का गाडीनं?"

पाहिला होता मी. नववीत, निर्मलामावशीबरोबर,
पहिल्या रांगेत, मान दुखेपर्यंत.
मध्यंतरात समोसा एकच होता आणि तिने
मोठा तुकडा स्वतः घेतला, हे आधी आठवलं.
मग गाडी आठवली. फलाट. पत्र.

"थांब," म्हणाले, "पहिले तेल आण."

कढलं नेऊन ठेवलं, समोर बसले,
सांगायला लागले.
ताटाकडे नाही, ते माझ्या तोंडाकडे पाहत होते,
पाठ ताठ करून, एक हात
दाराच्या पडद्याकडे गेलेला.

दोन गोळे उरलेत.
सकाळी ताकात कुस्करून खाईन.